ऑप्टोमेट्रिस्टला डोळ्यावर कोणत्या प्रोसिजर करता येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षानुवर्षं येत आहेत. काही पेशंटचे आहेत, बरेचसे ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थ्यांचे. काही अशांचे आहेत ज्यांना फक्त "हो, चालतं" एवढंच ऐकायचं असतं. त्यांची थोडी निराशा होईल. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात करून पुढे अवघडांकडे गेलो आहे. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. कायदे बदलतात, म्हणून प्रत्यक्ष काही करण्याआधी आपल्या परिषदेचा चालू नियम वाचून घ्या.

१. ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्रतज्ज्ञ यांत फरक काय? दोघंही डोळेच तपासतात ना?

नेत्रतज्ज्ञ आधी पूर्ण वैद्यकीय पदवी घेतो आणि मग नेत्रशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. औषध, इंजेक्शन, शस्त्रक्रिया हे सगळं त्याच्या वैद्यकीय नोंदणीतच येतं. ऑप्टोमेट्रिस्टची पदवी स्वतंत्र असते. नंबर काढणं, डोळ्यांची तपासणी, कॉन्टॅक्ट लेन्स, कमी दृष्टीसाठी साधनं, आजार ओळखून पुढे पाठवणं हा त्याच्या कामाचा गाभा. तिसरा ऑप्टिशियन. तो आलेल्या नंबरप्रमाणे चष्मा बनवतो आणि चेहऱ्यावर बसवून देतो.

पहिल्या दोघांच्या कामाचा बराच भाग सामाईक आहे. पुढचे बहुतेक प्रश्न त्या सामाईक भागाच्या कडेवरचे आहेत.

२. 'कार्यकक्षा' हा शब्द सारखा ऐकू येतो. म्हणजे नक्की काय?

नोंदणीकृत व्यावसायिकाला कायद्याने जे करायची मुभा आहे ती त्याची कार्यकक्षा. ती एकाच कागदावर लिहिलेली नसते, ही विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण. सगळ्यात वर विधिमंडळाने केलेला कायदा. त्याखाली परिषदेचे किंवा बोर्डाचे नियम. मग तुमचं स्वतःचं शिक्षण आणि प्रमाणपत्रं. शेवटी तुम्ही जिथे काम करता त्या रुग्णालयाची परवानगी. या चारांत जी मर्यादा सगळ्यात अरुंद, ती तुमची खरी मर्यादा. कायदा लेझरला हो म्हणत असला आणि तुम्ही त्याचं प्रशिक्षण घेतलेलं नसलं, तर तुमच्यापुरतं उत्तर नाही असंच आहे. उलट बाजूनेही तेच: हात तयार असला तरी कायदा नाही म्हणत असेल तर नाही.

३. 'प्रोसिजर' आणि 'शस्त्रक्रिया' यांच्यात कायदा रेष कुठे ओढतो?

सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

रोजच्या बोलण्यात सुरी चालली की शस्त्रक्रिया. कायद्याचं तसं नसतं. बहुतेक कायदे क्रियापदांवर चालतात: कापणं, छेदणं, टोचणं, जाळणं, जिवंत ऊतीची रचना बदलणं. आता लेझर घ्या. डोळ्याला काही टेकत नाही, टाका नाही, रक्त नाही. ऑप्टोमेट्रिस्टच्या संघटना यावर बोट ठेवून म्हणतात की ही बाह्यरुग्ण विभागातली प्रोसिजर आहे. नेत्रतज्ज्ञांच्या संघटना म्हणतात की परितारिकेला (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला) भोक पडतं, मग ती शस्त्रक्रिया नाही तर काय? अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या व्याख्येत लेझरने ऊती बदलणं किंवा नष्ट करणं हीसुद्धा शस्त्रक्रियाच.

ही व्याख्या अगदी काटेकोर लावली तर मात्र पंचाईत होते. पारपटलावरचा (बुबुळावरच्या काचेसारख्या थरावरचा) लोखंडाचा कण सुईच्या टोकाने काढताना वरचा थर खरवडला जातोच. पापणीचा आत वळलेला केस उपटणं म्हणजेही ऊतीला हात लावणं झालं. म्हणून कायदे लिहिणारे आधी 'शस्त्रक्रियेला मनाई' म्हणतात आणि लगेच खाली अपवाद जोडतात: वरवरचा कण काढणं वगळून, केस काढणं वगळून, अश्रुछिद्रात प्लग बसवणं वगळून. तुमच्या भागातला कायदा वाचायला घेतलात तर आधी व्याख्यांचं कलम वाचा, त्यानंतर अपवाद. मधला मजकूर नंतर वाचला तरी चालतो.

माझं मत विचाराल तर 'शस्त्रक्रिया की प्रोसिजर' हा वाद शब्दांचा आहे. गुंतागुंत झाली तर त्याच खोलीत तिला तोंड देणारं कोण आहे, हा प्रश्न जास्त कामाचा.

४. मग जगभर एकच नियम का नाही?

कारण ऑप्टोमेट्री प्रत्येक देशात वेगळ्या रस्त्याने वाढली. कुठे ती चष्म्याच्या दुकानातून वर आली, कुठे विद्यापीठातून. वर्ल्ड कौन्सिल ऑफ ऑप्टोमेट्रीने या सगळ्यांना एका चौकटीत बसवण्यासाठी चार पायऱ्या मांडल्या आहेत. पहिल्या पायरीवर चष्मा आणि लेन्सचं तांत्रिक काम, दुसरीवर दृष्टीची तपासणी, तिसरीवर डोळ्यांच्या आजारांचं निदान आणि चौथीवर उपचार. एखादा देश तिसऱ्या पायरीवर असतो, शेजारचा दुसरीवर.

अमेरिकेत तर देशातल्या देशात फरक आहे, कारण तिथे परवाना राज्य देतं. ऑप्टोमेट्रीचा पहिला कायदा मिनेसोटाने १९०१ मध्ये केला. तेव्हापासून प्रत्येक राज्य आपापल्या चालीने चाललं आहे.

५. तपासणीसाठी थेंब टाकून बाहुली मोठी करणं ऑप्टोमेट्रिस्टला चालतं का?

आज बऱ्याच देशांत चालतं, पण हा हक्क आपोआप मिळालेला नाही. अमेरिकेत निदानासाठी थेंब वापरायची परवानगी देणारं पहिलं राज्य ऱ्होड आयलंड, १९७१ साली. उपचाराची औषधं वापरायची परवानगी पहिल्यांदा वेस्ट व्हर्जिनियाने १९७६ मध्ये दिली. एका थेंबासाठी एवढी लढाई का, असं विद्यार्थी विचारतात. कारण थेंब म्हणजे औषध, आणि औषध आलं की औषधांचा कायदा आला.

थेंब टाकण्याआधी डोळ्याचा कोन, म्हणजे पारपटल आणि परितारिका मिळतात ती पाण्याच्या निचऱ्याची जागा, पाहायचा असतो. कोन अरुंद असेल तर बाहुली मोठी झाल्यावर डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. मुभा मिळाली की हे पाहणं हे कर्तव्य होऊन बसतं. न पाहता थेंब टाकला तर "मला परवानगी होती" हा बचाव होत नाही.

६. आणि औषध लिहून देणं? अँटिबायोटिक, स्टेरॉइड, काचबिंदूचे थेंब?

ही वेगळी पायरी. ब्रिटनमध्ये २००८ पासून जादा शिक्षण घेतलेले ऑप्टोमेट्रिस्ट स्वतंत्रपणे औषध लिहू शकतात, मात्र डोळ्यांच्या आजारांपुरतं आणि इंजेक्शन वगळून. न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून त्यांना अधिकृत प्रिस्क्रायबरचा दर्जा आहे. ऑस्ट्रेलियात औषधांसाठी नोंदणीवर स्वतंत्र शिक्का लागतो. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत उपचाराची काही ना काही औषधं चालतात, पण तोंडाने घ्यायच्या गोळ्यांबाबत यादी राज्यागणिक बदलते. मॅसॅच्युसेट्सने तर काचबिंदूच्या उपचारांची मुभा २०२१ मध्ये दिली, तीही सगळ्या राज्यांच्या शेवटी.

भारतात स्टेरॉइडसारखी औषधं अनुसूची एचमध्ये येतात आणि ती नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. ऑप्टोमेट्रिस्ट त्या व्याख्येत बसत नाही.

७. डोळ्यात गेलेला कण ऑप्टोमेट्रिस्टने काढला तर चालेल का?

'डोळ्यात' म्हणजे कुठे, यावर उत्तर ठरतं. पापणीच्या आतल्या बाजूला चिकटलेला कचरा पापणी उलटून ओल्या बोळ्याने टिपता येतो. त्यावर कोणी वाद घालत नाही. पारपटलावर, म्हणजे बुबुळाच्या काचेसारख्या भागावर रुतलेला कण वेगळा. ज्या देशांत परवानगी आहे तिथे ती 'वरवरचा कण' अशा शब्दांत असते.

हे काम जवळून पाहिलं तर कायदा इतका जपून का लिहिलाय ते कळतं. पेशंटची हनुवटी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर), कपाळ पट्टीला टेकलेलं. बधिर करणारा थेंब टाकून झाला. तुमचं मनगट त्याच्या गालावर टेकवलेलं, म्हणजे तो हलला तर हातही त्याच्याबरोबर हलेल. २६ नंबरची सुई बुबुळाला जवळजवळ समांतर धरायची, तिरका काप वर ठेवून, आणि कणाच्या कडेखालून उचकटायचं. मधोमध पारपटलाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. कण लोखंडाचा असेल आणि काही तास उलटले असतील तर खाली तपकिरी गंजाचं कडं राहतं. ते सगळं एकाच बैठकीत खरवडायचा मोह आवरणं हेही कौशल्यच.

आता अपवाद. छिन्नीवर हातोडा मारताना काहीतरी उडालं, असं पेशंट सांगत असेल तर वर कण दिसो वा न दिसो, तो डोळ्याच्या आत गेला असेल असं धरूनच चाला. बाहुली थेंबासारखी एका बाजूला ओढलेली दिसली तर दाब मोजायच्या भानगडीत पडू नका. डोळ्यावर कडक कवच लावा, आत काही टाकू नका आणि तातडीने पाठवा. धातूचा संशय असताना एमआरआय नको. आत गेलेला कण काढणं कुठल्याही देशातल्या ऑप्टोमेट्रिस्टच्या कक्षेबाहेरचं आहे.

८. पापणीचा आत वळलेला केस, रांजणवाडी, पापणीतली गाठ, अश्रुछिद्रातला प्लग?

केस चिमट्याने काढणं आणि प्लग बसवणं अनेक ठिकाणी चालतं, कारण प्रश्न ३ मध्ये सांगितलेले अपवाद. रांजणवाडीला शेकायला सांगणं ही सल्ल्याची गोष्ट, ती कोणीही सांगू शकतो. गाठ कापून आतला माल खरवडणं मात्र छेद देणं झालं. ते काही अमेरिकन राज्यांत चालतं, वेगळं प्रमाणपत्र असेल तरच. आणि एक सूचना: म्हाताऱ्या माणसाला त्याच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल तर ती साधी गाठ नसू शकते. तिथे 'मला करता येतं का' हा विचार मागे ठेवा, तपासणीला पाठवा.

९. ऑप्टोमेट्रिस्ट कायदेशीरपणे लेझर करतात, हे खरं का? कुठे?

खरं आहे. अमेरिकेत काही राज्यांत. ओक्लाहोमाने १९९८ मध्ये कायद्यात ते स्पष्ट केलं आणि पुढची तेरा वर्षं ते एकटंच राहिलं. २०११ मध्ये केंटकी आलं, २०१४ मध्ये लुइझियाना, २०१७ मध्ये अलास्का, २०१९ मध्ये आर्कान्सा. मग वेग वाढला. मिसिसिपी आणि वायोमिंग २०२१ मध्ये, व्हर्जिनिया आणि कोलोरॅडो २०२२ मध्ये, साउथ डकोटा २०२४ मध्ये.

प्रत्येक वेळी जोरदार भांडण झालं. आर्कान्सात विरोधकांनी सह्या गोळा करून कायदा थेट मतदारांपुढे न्यायचा प्रयत्न केला, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अर्ज बाद ठरवला. कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं आणि राज्यपालांनी नकाराधिकार वापरून ते रोखलं.

ब्रिटनचा रस्ता निराळा आहे. तिथल्या मोठ्या नेत्ररुग्णालयांत प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट काही लेझर करतात, पण ते रुग्णालयाच्या यंत्रणेत, वरिष्ठ नेत्रतज्ज्ञाच्या विभागात, ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नाही. दोन्हीकडे 'ऑप्टोमेट्रिस्ट लेझर करतो' हे वाक्य खरं आहे. अर्थ मात्र पार वेगळा.

१०. कोणते लेझर? सगळेच?

चर्चा मुख्यतः तिघांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागची पिशवी धुरकट होते तेव्हा ती उघडायचं याग लेझर. काचबिंदूत डोळ्यातल्या पाण्याचा निचरा सुधारायचं एस.एल.टी. आणि कोन अरुंद असलेल्या डोळ्यात परितारिकेला बारीक भोक पाडायचं एल.पी.आय.

पहिल्याचं उदाहरण घेऊ. पेशंट म्हणतो, "मोतीबिंदू परत आला." तो परत येत नाही, जुन्या भिंगाची जी पिशवी जपून ठेवली होती तीच गढुळते. डोळ्यावर विशेष लेन्स टेकवून लेझरचा झोत पिशवीच्या किंचित मागे रोखतात, म्हणजे कृत्रिम भिंगावर ओरखडा उमटू नये. बारीक टकटक ऐकू येते, प्रत्येक टकटकीला पडदा जरासा फाटतो आणि काही मिनिटांत मधोमध खिडकी उघडते. पेशंटला तासाभरात उजळ दिसायला लागतं आणि त्याला वाटतं की हे तर काहीच नव्हतं. क्वचित दाब चढतो, क्वचित मध्यबिंदूला सूज येते, त्याहून क्वचित डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सरकतो. करण्याची मिनिटं सोपी आहेत. अवघड आहे ते नंतरचे आठवडे लक्ष ठेवणं.

११. कायद्यात अमुक प्रोसिजरचं नावच नाही. मनाईही नाही. मग चालतं असं समजायचं का?

कायदा कोणत्या पद्धतीने लिहिलाय ते आधी बघा. एक पद्धत 'एवढंच चालेल' अशी. व्हर्जिनियाने प्रश्न १० मधली तीनच लेझर नावानिशी लिहिली. चौथं केलंत तर कक्षेबाहेर गेलात. दुसरी पद्धत 'एवढं सोडून' अशी. ओक्लाहोमाने लेझरला मुभा देताना रेटिना, लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर) आणि सौंदर्यासाठीची पापणीची शस्त्रक्रिया वगळली. केंटकीची वगळलेल्या गोष्टींची यादी त्याहून लांब आहे. दुसऱ्या पद्धतीत नाव नसलेली प्रोसिजर चालू शकते, पण अर्थ लावायचा अधिकार बोर्डाचा. तुमचा नाही, आणि मशीन विकायला आलेल्या प्रतिनिधीचा तर मुळीच नाही.

कायदा पूर्ण गप्प असेल तर वैद्यकीय व्यवसायाचा कायदा उघडा. बहुतेक देशांत नोंदणीकृत डॉक्टरशिवाय इतरांनी वैद्यकीय उपचार करायला सरसकट मनाई असते आणि ऑप्टोमेट्रीचा कायदा हा त्या मनाईतला अपवाद असतो. अपवादात नाव नसेल तर मूळ मनाई लागू. म्हणजे गप्प राहणं म्हणजे होकार, असं इथे धरता येत नाही.

१२. ऑप्टोमेट्रिस्टने केलेलं लेझर कमी सुरक्षित असतं का?

दोन्ही बाजूंना आपापलं ठाम उत्तर हवं असतं. २०१६ मध्ये ओक्लाहोमातल्या काचबिंदूच्या लेझरवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १,३८४ डोळ्यांचा. ऑप्टोमेट्रिस्टने लेझर केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांना पुन्हा लेझर लागलं, नेत्रतज्ज्ञांच्या बाबतीत हाच आकडा १५ टक्के. विरोधक हा आकडा प्रत्येक सुनावणीत मांडतात. समर्थकांचं उत्तर असं की अर्धा कोन आज आणि अर्धा नंतर अशी दोन बैठकींची पद्धत रूढ आहे. दुसरी बैठक म्हणजे पहिली फसली असं नाही. विम्याच्या नोंदींवरून हा फरक कळत नाही, आणि अभ्यास त्याच नोंदींवर उभा होता.

मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसतं. पुन्हा लागलेलं लेझर ही इजा नसते, पण पेशंटला ती दुसरी खेप आणि दुसरं बिल नक्कीच असतं.

१३. लॅसिक? मोतीबिंदू?

नाही. वर ज्या राज्यांची नावं आली तिथेही नाही. ऑपरेशनआधीची मोजमापं आणि नंतरची तपासणी ऑप्टोमेट्रिस्ट अनेक ठिकाणी करतो. ऑपरेशन नेत्रतज्ज्ञच करतो.

१४. भारतात नेमकी स्थिती काय?

२०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा आला. त्यात नेत्रविज्ञानाच्या गटात ऑप्टोमेट्रिस्टला स्थान मिळालं. केंद्रात आयोग, राज्यांत परिषदा आणि नोंदणीपुस्तक अशी रचना आहे. त्याआधी या पेशाला देशपातळीवर कायद्याची चौकटच नव्हती, त्यामुळे हे पाऊल मोठं.

पण हा कायदा म्हणजे प्रोसिजरची यादी नव्हे. लेझर, सुई, छेद यांचा अधिकार तो ऑप्टोमेट्रिस्टला नावानिशी देत नाही. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ आहे. त्याच्या कलम ३४ प्रमाणे नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रश्न ११ मधला नियम इथे लावून बघा: अपवादात नाव नाही, म्हणजे मनाई कायम. "२०२१ चा कायदा आला, आता याग करायला मोकळे" असे निरोप फिरतात त्यांना काही आधार नाही.

१५. सर समोर आहेत, त्यांनीच सांगितलं म्हणून केलं. मग तर चालेल?

हा प्रश्न नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींकडून येतो, बहुतेक वेळा काम करून झाल्यावर. काम सोपवण्याच्याही मर्यादा असतात. जे काम कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरपुरतं राखून ठेवलंय ते तोंडी हुकमाने दुसऱ्याकडे जात नाही. दाब मोजणं, स्कॅन काढणं, सांगितलेला थेंब टाकणं ही सोपवण्याजोगी कामं. "तू सुरू कर, मी आलोच" म्हणून लेझरच्या पेडलवर पाय ठेवायला सांगणं हे नाही.

ब्रिटनमधल्या रुग्णालयांत सोपवणं चालतं कारण ते लेखी असतं: कोणाला कोणत्या प्रोसिजरची परवानगी, किती केसेस देखरेखीखाली झाल्या, गडबड झाली तर कोणाला बोलवायचं. तुमच्याकडे असा कागद नसेल तर सरांच्या शब्दावर तुम्ही स्वतःची नोंदणी पणाला लावत आहात. नाही कसं म्हणायचं, असंही विचारतात. "सर, तुम्ही बसा, मी पेशंटचं डोकं धरतो" हे वाक्य आजवर बऱ्याच जणांच्या उपयोगी पडलंय.

१६. मी एका राज्यात किंवा देशात लेझरचं प्रशिक्षण आणि परवाना घेतला. दुसरीकडे गेलो तर?

प्रशिक्षण तुमच्याबरोबर येतं, परवाना येत नाही. ओक्लाहोमात वर्षानुवर्षं लेझर केलेला ऑप्टोमेट्रिस्ट शेजारच्या टेक्सासमध्ये तेच करू शकत नाही. ऑनलाइन सल्ल्यालाही साधारण हाच नियम: पेशंट जिथे बसलाय तिथला कायदा लागू धरतात, तुम्ही कुठून बोलताय ते गौण.

१७. अमेरिकेत विमा ऑप्टोमेट्रिस्टला 'फिजिशियन' म्हणतो. मग कार्यकक्षा वाढली का?

नाही. मेडिकेअर या अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेने १९८७ पासून ऑप्टोमेट्रिस्टला त्या व्याख्येत घेतलं, पण ते पैसे देण्यासाठी आणि राज्याने जेवढी मुभा दिली तेवढ्यापुरतंच. पैसे कोणाला द्यायचे हा एक कायदा, काम कोणी करायचं हा दुसरा. नावापुढच्या 'डॉक्टर'चंही तेच. अमेरिकेत ऑप्टोमेट्रीची पदवीच डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री आहे. तेवढ्याने कक्षा बदलत नाही.

१८. आणीबाणीत काय? डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेलेला माणूस दारात उभा आहे आणि जवळ डॉक्टर नाही.

कार्यकक्षेचा विचार बाजूला ठेवा आणि धुवायला सुरुवात करा. नंबर नंतर, कागद नंतर. स्वच्छ पाणी किंवा सलाइन, सलग निदान अर्धा तास, पापणी उलटून, चुन्याचे कण दिसले तर बोळ्याने काढून टाकत. बधिर करणारा थेंब मिळाला तर पेशंट डोळा उघडा ठेवू शकतो. मग पाठवा, आणि किती वेळ धुतलं ते चिठ्ठीवर लिहा. ही प्रथमोपचाराची गोष्ट आहे, ती करण्यावरून कोणी नोंदणी काढून घेत नाही. न धुता नुसतं "मोठ्या रुग्णालयात जा" म्हणून पाठवलंत तर मात्र उत्तर देणं जड जाईल.

दाब एकदम चढलेला, लाल, दुखणारा, ओकाऱ्या होत असलेला पेशंट वेगळा. तिथे तातडीने फोन, तातडीने पाठवणी. प्रश्न ९ मधल्या राज्यांत तुमचा परवाना नसेल तर एल.पी.आय.चा विचारही नको.

१९. पेशंटने संमतीपत्रावर सही केली तर चालतं ना?

संमती हवीच, पण ती अधिकार निर्माण करत नाही. पेशंट तुम्हाला स्वतःच्या डोळ्याला हात लावायची परवानगी देऊ शकतो. विधिमंडळाच्या वतीने परवाना देऊ शकत नाही. शिवाय करणारी व्यक्ती कोण, तिचं शिक्षण काय, हे न सांगता घेतलेली सही पुढे अपुरी ठरू शकते.

२०. काही बिघडलं तर जबाबदार कोण?

कक्षेतल्या कामात चूक झाली तर कसोटी अशी लागते: त्याच पात्रतेचा, सर्वसाधारण कौशल्याचा माणूस त्या जागी कसा वागला असता? कक्षेबाहेरचं काम असेल तर तुलना थेट नेत्रतज्ज्ञाशी होऊ शकते, कारण तुम्ही त्याचं काम अंगावर घेतलंत. मालकावरही जबाबदारी येते, पण त्याने तुमची सुटत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्या, त्यामुळे पेशंटला तोही दरवाजा उघडा आहे. व्यावसायिक विम्याची पॉलिसी काढून वाचा. कक्षेबाहेरच्या कामाला संरक्षण नाही, असं कलम त्यात बहुधा सापडेलच.

२१. मी पेशंट आहे. लेझर सांगितलंय. काय विचारू?

तीन गोष्टी. करणार कोण, म्हणजे नाव आणि पात्रता. त्यांनी याआधी हे किती वेळा केलंय. आणि रात्री डोळा दुखला किंवा काळे ठिपके वाढले तर कोणाला फोन करायचा आणि तो माणूस डोळा बघायला येणार का. हे विचारल्यावर समोरचा चिडला तर ते उत्तर म्हणून पुरेसं आहे.

२२. मी कुठलीच प्रोसिजर करत नाही, फक्त नंबर काढतो. मग मला कायद्याची काय भीती?

हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवलाय. कक्षेबाहेर जाऊन माणूस अडकतो हे सगळ्यांना कळतं. कक्षेतलं न करूनही अडकतो.

ब्रिटनमध्ये नजर तपासताना डोळ्याच्या आतली तपासणी करणं आणि आजाराची चिन्हं दिसली तर पुढे पाठवणं हे ऑप्टोमेट्रिस्टचं कायदेशीर कर्तव्य आहे. २०१२ मध्ये इप्सविच इथे एका लहान मुलाची नेहमीची तपासणी झाली. त्याच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या टोकाला सूज होती, म्हणजे डोक्यातला दाब वाढल्याची खूण. ती टिपली गेली नाही आणि पाच महिन्यांनी मूल गेलं. तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टला २०१६ मध्ये घोर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं गेलं. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं असं की मृत्यूचा गंभीर धोका दिसायला हवा होता की नाही, हे त्या वेळी तिच्यापुढे प्रत्यक्ष जी माहिती होती तिच्यावरून ठरवायचं; नीट तपासणी केली असती तर काय कळलं असतं, त्यावरून नाही.

फौजदारी शिक्षा टळली, तरी तपासणीचं कर्तव्य चुकलं होतं यावर वाद नव्हता. त्या संपूर्ण खटल्यात लेझर नव्हतं, सुई नव्हती, औषधाचा थेंबही नव्हता. नेहमीची नजर तपासणी होती.